आत्याच्या नर्सरीतला ट्रॅक्टर: इंजिन बांधायचं की बदलायचं?

घणसोलीत विजेच्या टॉवर लाइनखाली आमच्या आत्याची नर्सरी आहे. २०११ च्या जूनमध्ये तिथे एक मिनी ट्रॅक्टर आला. साडेअठरा हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, ९०० सीसीचं वॉटर कूल्ड डिझेल इंजिन. नाशिककडच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून फिरतात ना, त्यातलाच. लाल मातीची आणि शेणखताची ट्रॉली ओढायची, पाण्याचा टँकर फिरवायचा, सोसायट्यांच्या लॉनसाठी रोटाव्हेटर चालवायचा, हे त्याचं काम. मी वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालो आणि आता रबाळ्याला एमआयडीसीत डीजी सेट (डिझेल जनरेटर) सांभाळतो. त्यामुळे २०२५ च्या दिवाळीनंतर हा ट्रॅक्टर सकाळी स्टार्ट होईना, तेव्हा आत्याचा फोन मलाच आला.

तिचं म्हणणं थोडक्यात होतं. "मना येवढंच सांग, मिरगाच्या आधी तो धड उभा राहील का नाय? नसंल तर दुसरा बघू."

आतेभावाचं मत तोवर पक्कं झालेलं होतं: नवीन घ्यायचा. त्याची बाजू पोकळ नव्हती. सोसायटीचं काम घ्यायचं आणि त्याच सकाळी ट्रॅक्टर उभा राहायचा, म्हणजे माणसांची मजुरी अंगावर. असं दोनदा झालं होतं. शिवाय त्याने स्वतःहून डिझेल फवारणारे तिन्ही नोझल बदलून पाहिले होते. ४,२०० रुपये गेले आणि धूर होता तसाच राहिला.

म्हणून मी पहिल्या दिवशी पाना हातात घेतलाच नाही. फक्त पाहत बसलो. सकाळी थंड इंजिनला तीन-चार सेल्फ मारावे लागत. सुरू झाल्यावर आधी पांढरा धूर, मग दहा मिनिटांनी निळा, आणि लोड दिला की निळा अजून दाट. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं तर ते थडथडून खाली पडत होतं. बारा तासांच्या कामाला एक लिटर ऑइल लागत होतं. रेडिएटरमधलं पाणी मात्र कमी होत नव्हतं, पाण्यात तेलाचा तवंग नव्हता, ऑइल दुधाळ झालं नव्हतं. म्हणजे हेड गॅस्केटवरचा (पाणी आणि तेल वेगळं ठेवणाऱ्या पॅकिंगवरचा) संशय बराच कमी झाला. काळा धूर असता तर मीही आधी हवा आणि नोझलच पाहिले असते, पण निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय आणि ते नोझल बदलून थांबत नाही.

थंडीत स्टार्ट न होण्याचं एक कारण साधं निघालं. तीनपैकी दोन हीटर प्लग मेलेले होते. ते बदलल्यावर पहिल्या-दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू व्हायला लागलं आणि आतेभावाला वाटलं काम झालं. मला तसं वाटत नव्हतं. हीटर प्लग फक्त सुरू होण्यापुरता मदतीला येतो, पुढचं सगळं कम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याच्या, जिवावर चालतं.

कम्प्रेशन गेज कंपनीतून आणला. हीटर प्लगच्या भोकातून घेतलेले आकडे असे: पहिला सिलिंडर २६, दुसरा १७, तिसरा २५ किलो. अशा छोट्या इंजिनला नवेपणी तीसच्या आसपास मिळतं. पहिला-तिसरा थकलेले, आणि मधला गेलेला. मग प्रत्येकात चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजलं. कडेचे दोन २८ वर गेले, मधला २३ वर. ऑइल टाकल्यावर दाब वाढला याचा अर्थ पिस्टनवरची रिंग आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्यामधून गळती आहे, कारण तेवढ्यापुरती फट तेलाने भरते. मधला वाढूनही इतरांच्या मागेच राहिला, म्हणजे त्याची रिंग तुटलेली असेल किंवा व्हॉल्व्ह बसत नसेल.

ही चाचणी करणाऱ्यांनी ऑइल मोजूनच टाकावं, हे कळकळीनं सांगतो. एका सिलिंडरचा आवाका ३०० सीसी, कम्प्रेशन रेशो बावीसच्या घरात, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम १४ सीसी. पेट्रोल गाडीच्या सवयीनं कुपीभर ऑइल ओतलं तर पिस्टनला वर यायला जागाच उरत नाही. तेल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

समोरचे रस्ते

इंजिन खोलायच्या आधी भाव काढले, कारण एकदा इंजिन खोलून पसरलं की माणूस त्यातच अडकतो. कंपनीची नवी इंजिन असेंब्ली १ लाख ६५ हजार, पैसे आधी, माल सहा ते आठ आठवड्यांनी. वर बसवायचे दहा हजार. बाहेरून आलेलं वापरलेलं इंजिन ७० हजारांत मिळत होतं, पण ते आधी कुठे आणि किती चाललं ते सांगणारं कुणी नाही. शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, वाशी आरटीओत नोंद करावी लागली असती. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला.

नवा ट्रॅक्टर ४ लाख १० हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे आतेभाऊ म्हणायचा की हीच वेळ आहे. जुना आहे त्या अवस्थेत दिला तर डीलर त्याचे ५५ हजार धरत होता, म्हणजे खिशातून ३ लाख ५५ हजार.

आणि शेवटी आपलंच इंजिन बांधणं, म्हणजे खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवणं. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी दोन आकडे दिले. हाफ इंजिन २१ हजार, फुल इंजिन साधारण ५८ हजार.

२१ हजारांचा आकडा ऐकला की सगळ्यांचे डोळे तिकडेच जातात. आत्याचेही गेले. हाफ इंजिन म्हणजे नव्या रिंग, नव्या बेअरिंग, गॅस्केट, आणि बोअर आहे तसाच. फुल म्हणजे बोअरही नव्यानं करून नवे पिस्टन. तेवढ्यानं भागेल का, याचं उत्तर मी खोलल्यावर देतो म्हणालो.

त्याआधी ट्रॅक्टरचा बाकीचा जीव पाहिला. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं. तासाभरात तो चार बोटंसुद्धा खाली आला नाही, म्हणजे हायड्रॉलिक ठीक. गिअर नीट पडत होते, पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट) आवाज करत नव्हता, मागच्या टायरची अर्धी गोटी (नक्षी) शिल्लक होती. खाडीच्या वाऱ्यानं पत्रा खाल्ला होता, पण तो पत्राच. इथे गिअरबॉक्सचं रडगाणं निघालं असतं तर मी आतेभावाच्या बाजूनं बोललो असतो.

दुसरा मुद्दा कागदाचा. २०११ ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं २०२६ च्या जूनमध्ये भरणार. नूतनीकरण होतं ते पाच वर्षांसाठी. म्हणून हिशेब पाच वर्षांवर बेतला. अवरमीटर बंद होता, पण डिझेलच्या वहीवरून वर्षाला ३५० तास काम निघालं. पाच वर्षांचे १,७५० तास.

या तासांनी भागलं. नवं इंजिन बसवून पावणेदोन लाख, म्हणजे तासाला १०० रुपये. नव्या ट्रॅक्टरला पाच वर्षांनी दोन लाख येतील असं धरलं तरी दीड लाखाच्या वर झिजणार, त्यात तीन लाखांच्या कर्जाचं व्याज घातलं की तासाला १३८ च्या आसपास. फुल इंजिन ७५ हजारांपर्यंत गेलं तरी ४३. आतेभावानं हिशेब दोनदा तपासला आणि म्हणाला, "दादा, तू ते पाच वर्षं चालेल असं धरलंयस." बरोबर होतं त्याचं. सगळा हिशेब त्याच एका गृहीतावर उभा होता, आणि ते इंजिन खोलल्याशिवाय तपासता येत नव्हतं. वर्षाला आठशे-हजार तास काम असतं तर मी हिशेबाला बसलोच नसतो, नवा घ्या म्हणालो असतो.

म्हणून शेडच्या भिंतीवर खडूनं तीन ओळी लिहिल्या. ब्लॉकला (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्याला) किंवा हेडला तडा निघाला, क्रँक (पिस्टन जिला फिरवतात तो दांडा) ०.५० मिलिमीटरच्या पुढे घासावी लागली, किंवा खर्च ७५ हजारांवर गेला, तर थांबायचं आणि ट्रॅक्टर द्यायचा. खोलायचे पाच हजार तपासणीचा खर्च म्हणून सोडून द्यायचे. आत्या म्हणाली, पुसू नका ते.

खोलल्यावर

हेड निघाल्यावर मी पहिल्यांदा नख लावलं. बोअरच्या वरच्या काठाजवळ, जिथे वरची रिंग पोचून परत फिरते तिथे, तिन्ही सिलिंडरमध्ये पायरी होती. मधल्यात तर नख अडकून थांबत होतं. पिस्टन बाहेर काढले तेव्हा मधल्याची दुसरी रिंग दोन तुकड्यांत हातात आली. त्याच सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जागोजागी खाल्लेली होती. चाचणीत मधला मागे राहिला होता त्याची ही दोन्ही कारणं.

मग बोअर गेज. स्टँडर्ड ७३ मिलिमीटर. मधला सिलिंडर वर ०.२१ ने मोठा झालेला, खाली फक्त ०.०४ ने. कडेचे दोन वर ०.१४.

हाफ इंजिनचं उत्तर इथेच आहे. वर आणि खाली व्यासात ०.१७ चा फरक. परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त, म्हणजे रिंगच्या तोंडाची फट प्रत्येक फेरीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त उघडणार आणि मिटणार. २,७०० आरपीएमला मिनिटाला २,७०० वेळा. नवी रिंग किती चांगली आहे याला मग काही अर्थ राहत नाही. त्यातून नव्या रिंगची कड धारदार असते, ती वरच्या पायरीवर आपटते आणि तुटते. एका पावसाळ्यात पुन्हा निळा धूर, आणि २१ हजार पाण्यात. मिस्त्रींना गेजचा आकडा दाखवला. त्यांनी लगेच मान्य केलं की याला बोअरच करावा लागेल.

क्रँक धुऊन घेतली आणि प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा तिचा गोल भाग, मायक्रोमीटरनं दोन दिशांनी मोजलं. मेन जर्नल लंबगोल झाले नव्हते. दुसऱ्या क्रँकपिनवर (कनेक्टिंग रॉड जोडतो तिथल्या जर्नलवर) मात्र ओरखडे होते, साधारण ०.०६ खोल. क्रँकपिन ०.२५ अंडरसाइझला, म्हणजे व्यास तेवढा कमी करून, घासल्या तर निघून जातील एवढे. ब्लॉकच्या दोन सिलिंडरांमधल्या भिंतींवर आणि हेडच्या व्हॉल्व्ह सीटमध्ये तडे पाहायचा लाल-पांढरा स्प्रे मारला. पांढऱ्यावर लाल रेघ कुठेच उमटली नाही.

भिंतीवरच्या पहिल्या दोन ओळी पार झाल्या. बांधायचं ठरलं. पण मी आत्याला म्हणालो, अजून एक दिवस थांब.

ते गेलं कशानं?

पाच हजार तासांच्या आसपास चाललेलं इंजिन थकणं समजू शकतो. पण वर ०.२१ आणि खाली ०.०४ ही झीज नुसत्या वयाची नसते. वरच्या रिंगपाशी असं खाणारी गोष्ट बहुतेक वेळा धूळच. ती हवेतून आत येते आणि ऑइलमध्ये मिसळून कानशीसारखी घासते.

एअर क्लीनर ऑइल बाथचा, म्हणजे वाटीतल्या ऑइलात धूळ अडकवणारा. त्याची वाटी स्वच्छ होती, ऑइल पातळीवर होतं, आतेभाऊ ते नेमानं बदलायचा. मग मी एअर क्लीनरच्या पुढचा रबरी होस काढला आणि मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) तोंडात बोट फिरवलं. बोट लाल झालं. आमच्याच ट्रॉलीतली माती. एअर क्लीनरच्या पुढे, म्हणजे गाळून झालेल्या हवेच्या बाजूला, मातीचा कणही दिसता कामा नये. होस उलटा केला तर खालच्या अंगाला दोन इंच चीर होती. वरून पाहणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. पुढच्या टोकाला क्लँप नव्हता, बाइंडिंग तार पिळलेली होती, तीही सैल.

मधला सिलिंडर जास्त का गेला, याचं उत्तर रेडिएटरमध्ये सापडलं. नर्सरीत कोकोपीट चाळतात. त्याचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसून नमद्यासारखा घट्ट झाला होता. पाणी तापत होतं, आणि दोन्ही बाजूंनी सिलिंडर असलेल्या मधल्याला उष्णता टाकायला जागा सगळ्यात कमी. टेम्परेचरचा काटा बंद असल्यानं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला या सगळ्या प्रकरणात हा दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो. १ लाख ६५ हजारांचं नवं इंजिन त्याच होसला आणि त्याच रेडिएटरला जोडलं असतं, तर तेही दोन-तीन वर्षांत याच वाटेनं गेलं असतं आणि आम्ही नशिबाला बोल लावत बसलो असतो. हे कारण हातात येईपर्यंत बांधायचं की बदलायचं हा प्रश्न अर्धाच सुटलेला होता.

बांधणी

पिस्टन-रिंगचे सेट नाशिकहून मागवले, ०.५० ओव्हरसाइझ, म्हणजे स्टँडर्डहून तेवढे मोठे. ०.२५ चा विचारच केला नाही, कारण ०.२१ झीज एका अंगाला जास्त असते, बोअर सरळ करताना ०.२५ मध्ये ती पुसली जात नाही. पिस्टन हातात आल्यावरच ब्लॉक तुर्भ्याला बोअरिंगवाल्यांकडे नेला. पिस्टन आधी, बोअर नंतर. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्यावर तो तो सिलिंडर बोअर करायचा आणि दोन्हींवर खूण करायची. घाईत बोअर आधी करून मग पिस्टन शोधणारे लोक मी पाहिलेत, क्लिअरन्स नशिबावर सोडल्यासारखं होतं ते.

क्रँक घासायला देताना एकच गोष्ट तीनदा सांगितली: जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई सांभाळा. तिथे काटकोन राहिला की क्रँक तिथूनच मोडते. परत आल्यावर मी भिंगाखाली प्रत्येक कोपरा पाहिला.

रिंगची फट तपासण्याची वेळ आली तेव्हा आतेभाऊ शेजारी बसला होता. रिंग बोअरमध्ये टाकली, पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्यानं ती सरळ खाली ढकलली आणि फिलर गेजची पाती तोंडात घातली. ०.२५ ची पाती किंचित ओढ देत गेली, ०.३० ची गेली नाही. एवढ्या बोअरला हवी तेवढीच. मी त्याला जुन्या रिंगचा तुकडा आणि नवी रिंग शेजारी धरून दाखवली. जुनीची जाडी कागदासारखी उतरली होती. त्यानंतर त्यानं नव्या ट्रॅक्टरचा विषय काढला नाही.

बाकीचं भराभर झालं. हेडला नवे गाइड, सीट कटिंग आणि फेसिंग, पंप आणि नोझल कॅलिब्रेशन, नवा ऑइल पंप, रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या आतून साफ करून) आणला. होस नवा, दोन्ही टोकांना स्क्रूचे क्लँप. टेम्परेचर गेज आणि अवरमीटर नवे बसवले. इंजिन खाली होतंच म्हणून क्लच प्लेटही बदलून घेतली. ती नंतर बदलायची तर पुन्हा ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागला असता.

खर्च ५८ हजारांच्या अंदाजात बसला नाही. इंजिनचे ६५,५०० झाले, क्लचचे ५,८००, एकूण ७१,३००. भिंतीवरच्या ७५ हजारांच्या आत, पण फारसं अंतर राहिलं नाही. आणि ट्रॅक्टर तेवीस दिवस उभा होता. त्यातले नऊ दिवस भाड्याचा आणावा लागला, रोजचे १,८०० प्रमाणे १६,२००. हाही बांधणीचाच खर्च धरला पाहिजे, लोक तो सोडून देतात. सगळं मिळून ८७,५००, म्हणजे तासाला बरोबर ५० रुपये. आमच्या ४३ च्या हिशेबाहून जास्त, नव्या इंजिनच्या निम्मे.

पहिले पन्नास तास मी फार जपले. नवं इंजिन जपायचं म्हणून लोक ते तासन्‌तास रिकामं आयडलवर ठेवतात. त्यानं रिंग बोअरला बसतच नाहीत, होनिंगच्या (बोअरला शेवटचा हात फिरवताना पडलेल्या) आडव्यातिडव्या रेघांवर ऑइलची चकाकी चढते आणि नवं इंजिनही ऑइल प्यायला लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून अर्धी ट्रॉली, वेग कमी-जास्त करत, काटा पाहत. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि हेडचे बोल्ट पुन्हा तपासले. आता कम्प्रेशन २९, २९, ३०. धूर नाही. ऑइलची पातळी पन्नास तासांत डिपस्टिकवर नखभर उतरली. कोकोपीटची चाळण नर्सरीच्या दुसऱ्या टोकाला हलवली आहे, आणि रेडिएटर दर शनिवारी आतल्या बाजूनं हवा मारून साफ होतो.

जूनमध्ये नूतनीकरणाला ट्रॅक्टर दाखवायचा आहे. ब्लॉक मूळचाच असल्यामुळे आरसीवरचा इंजिन नंबर बदलला नाही. रंगकामाच्या वेळी त्या नंबरावर मी कागदी टेप लावून ठेवली होती, नाहीतर कोरलेल्या आकड्यांत रंग भरतो आणि तपासणीला वाचता येत नाही. परवा टेप काढून दिवाळीतल्या पणतीच्या काजळीनं कागदावर ठसा घेतला. सगळे आकडे स्वच्छ उमटले. आत्यानं तो कागद आरसीबरोबर डब्यात ठेवलाय.